ओट्यावरची पाच बोटं

काय काम करता म्हणून कुणी विचारलं की मी सांगायची, ओटे घासते. ऐकणाऱ्या बाईला वाटायचं, चार घरची धुणीभांडी करत असेल. मीही समजावत बसायची नाही. बसगाडीत बसवायचा ओटा घासून घासून गुळगुळीत करायचा, हे काम दुसऱ्याला समजावायला अंगात थोडा जीव शिल्लक लागतो. संध्याकाळी तो माझ्यात नसायचा.

भोसरीला एक बॉडी शेड होती. जुन्या बसगाड्या तिथे यायच्या, आतल्या सीटा निघायच्या आणि गाडीचं दुसरंच काहीतरी व्हायचं. कुणाला फिरतं कँटीन हवं असे, कुणाला फिरतं दुकान. मालक गावातलाच. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, त्या मोबदल्यातून त्याने शेड टाकलेली. सगळे त्याला दादा म्हणायचे आणि त्याच्या आईला आई. आई रोज शेडमध्ये येऊन बसायची. त्या जागी पूर्वी त्यांचं ज्वारीचं रान होतं. लोखंडाच्या तुकड्यांतून चालताना ती अजून पीक तुडवायला नको अशा बेताने पाय टाकायची.

मी तिथे लागले कारण माझ्या नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलं होतं. तो रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचा आणि टाळं तसंच आहे हे बघून परत यायचा. घरात चूल पेटायची ती माझ्या घासण्यावर. तेही काम कच्चंच होतं. दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “वहिनी, आत्ता एका गाडीपुरतं या. ही गाडी पास झाली तर तुम्हाला कायम ठेवतो. न्हाई झाली, तर मग माझंच काय खरं न्हाई.”

ती गाडी म्हणजे फिरता दवाखाना. एका धर्मादाय इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंना चाकणच्या पलीकडच्या गावांमधून फिरवायला हवा होता. त्यांची अट एकच, आतला ओटा पांढरा आणि बिनसांध्याचा पाहिजे. दादाने आधी कडाप्पा बसवून पाहिला. मोशीचा पूल ओलांडून गाडी चाकणपर्यंत नेऊन आणली, तर कडाप्पाला मधोमध तडा. गाडीचं अंग रस्त्यावर पिळवटतं, दगडाला ते कसं सोसावं? मग प्लायवूडवर लॅमिनेट चिकटवलं. पाणी सांडून बघितलं तर आठवड्यात कडा फुगून वर आल्या. शेवटी फायबरची कामं करणाऱ्या कुणीतरी सांगितलं, रेझिनमध्ये संगमरवराची भुकटी कालवा आणि अख्खा ओटा ओता.

सांगणाऱ्याचं काय जातं! रेझिनचं पिंप मुंबईहून यायचं, आज येतं, उद्या येतं करत. भुकटी फरशीच्या कारखान्यातून आणायची, तर तिच्यात वाळू, चिंध्या, विडीची थोटकंसुद्धा. ती चाळायला मी घरची मैद्याची चाळण घेऊन गेले. दिवसभर चाळून घरी निघाले की वस्तीतल्या बायका विचारायच्या, “गिरणीत लागलीस का गं?” मी म्हणायची, हो, दळणं घेऊन या.

भुकटी, रेझिन, पांढरा रंग घमेल्यात कालवायचा, शेवटी ते घट्ट करणारा हार्डनर घालायचा आणि सगळं घाईघाईने काचेवर ओतायचं. मग खालून लाकडी हातोडीने ठोकत राहायचं, म्हणजे बुडबुडे वर येतात. घट्ट झालं की उलटायचं. काचेकडची बाजू आरशासारखी निघावी असं पुस्तकात असेल. आमची देवीचे व्रण असल्यासारखी निघाली. ती भोकं भरायची आणि पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायची, ते माझं काम. पाणी ओतायचं, घासायचं, तळव्याने चाचपायचं, पुन्हा पाणी. थंडीचे दिवस. बोटांच्या टोकांची कातडी इतकी पातळ झाली की तव्यावरची भाकरी उलटताना पोळायची. मी चिडून पेपर फेकायची आणि थोड्या वेळाने स्वतःच उचलून आणायची.

एकदाचा ओटा झाला. गाडीत बसवला, खाली रबराचे तुकडे घालून, म्हणजे गाडी पिळवटली तरी ओट्याला त्रास नको. फक्त मेणाचं पॉलिश राहिलं होतं. ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी लावणार होते, त्यानंतर डॉक्टरीणबाई गाडी बघायला यायच्या होत्या.

शेडची एक रीत होती. गाडी बाहेर पडायच्या आदल्या दिवशी पूजा, आणि ज्याचं जे काम त्याने त्या कामावर हळदीची पाच बोटं उठवायची. वेल्डरने दारावर, पेंटरने पत्र्यावर. मी बादली धरून गाडीत मागे उभी होते. आमचं घर बौद्ध. वडिलांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हापासून आम्ही हे काही करत नाही. मी कुणाला अडवायची नाही आणि मध्ये जायचीही नाही.

आई हळदीची वाटी घेऊन गाडीत चढली आणि माझ्यासमोर धरली. “तू लाव आदी.”

“नको आई, तुम्हीच लावा. आमच्यात नसतं.”

“तुमच्यात नसंल. ह्या शेडात हाय. घासलं कुनी? तू. मग हात तुजा. लाव की, काय चावतंय व्हय?”

आमच्या गावाकडे माझ्या आईला हळद मिळायची ती वरून, हाताला हात लागणार नाही अशी टाकलेली. इथे वाटी माझ्या हातात होती, आणि माझ्या मागे मालकाची आई थांबली होती, माझं झाल्यावर स्वतःचं करायला. मला काय झालं कुणास ठाऊक. मी पाची बोटं वाटीत बुडवली आणि जोर लावून ओट्यावर दाबली. त्यांच्याशेजारी आईने तिची उठवली. मला रडू येत होतं, म्हणून मी बादली घेऊन खाली उतरले. हळद कुणी पुसली नाही. पूजेचं त्याच दिवशी पुसायचं नसतं.

घरी नवऱ्याने माझा हात बघितला. “कुणाच्या हळदीला गेली होतीस?”

मी सांगितलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, “आपल्यात नसतं ना हे?”

“नसतं. पण त्यांनी मला आधी विचारलं.”

त्याने उरलेली अर्धी भाकरी माझ्या ताटात ठेवली. त्याला कळलं असावं.

सकाळी ओलं फडकं घेऊन मी ओटा पुसला. हळदीची पूड निघाली, बोटं राहिली. साबण लावला, रॉकेल लावलं. पिवळी जर्द बोटं, माझी पाच आणि आईची पाच. थंडीत रेझिन लवकर पिकत नाही, आतून कच्चंच होतं. त्यावर मी घासून त्याची छिद्रं उघडी केलेली, मेण लावलेलं नाही, आणि हळद रात्रभर ओली. पिऊन टाकली होती त्याने.

डॉक्टरीणबाई आल्या, बघितल्या बघितल्या म्हणाल्या, “हे चालणार नाही.” दादाने पूजेचं सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, “पूजेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या ओट्यावर मी जखमा धुणार. पांढऱ्यावर पिवळं दिसलं की मला कळायला हवं, ते पेशंटचं आहे. सोमवारी परत येते.”

त्या गेल्यावर कुणी कुणाकडे बघेना. पेंटर बाहेरच्या पत्र्याला टेकून उभा होता. तो हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “इतक्या गाड्या गेल्या, कधी असं झालं नाही. या वेळी हात कुणाचा लागला, ते बघा ना.”

माझ्या कानात कढत तेल ओतल्यासारखं झालं. मी तोंड उघडणार तोच आई खुर्चीवरून म्हणाली, “तिचा डाग निगंना म्हनतूस. मग माजा तरी कुटं निगाला रं? का माजा हात बी तसलाच?”

पेंटर ब्रश धुवायला निघून गेला. दादाने आपल्या आईकडे बघितलं नाही आणि माझ्याकडेही नाही. मग खालमानेने विचारलं, “वहिनी, निघंल का हे? दुसरा वतायला रेझिन न्हाई. आणि गाडी पास न्हाई झाली तर...”

पुढचं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “निघेल.”

लॅमिनेटचा रंग असतो वरच्या कातडीला, ती गेली की खाली तपकिरी कागद. आमचा ओटा वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचा होता. डाग जिथवर गेला तिथवर घासत जायचं, खाली पुन्हा पांढरंच लागणार. पण बोटांपुरतंच घासलं तर तिथे खड्डा पडेल आणि पाणी साचेल. म्हणून सगळा ओटा खाली आणायचा. मी पुन्हा पाणी भरलं, पेपर घेतला आणि बसले.

आईची बोटं आधी गेली. म्हातारा हात, तिने नुसता टेकवला होता. माझी जात नव्हती. मी जोर लावून दाबली होती ना! अंगठा गेला, करंगळी गेली, मधली तीन फिकी होत होत तशीच. बादलीतलं पाणी दुधासारखं आणि त्यात किंचित पिवळी झाक. खांदे भरून आले. पेपरावरून माझी बोटं त्या बोटांवर फिरत होती, बरोबर मापाची. स्वतःच उठवलेला हात स्वतःच पुसायचा आणि त्यावर पोट भरायचं, याचा मला इतका राग आला की रागानेच शेवटचं बोट निघालं असेल. मग मेण लावलं, चमकवलं. चांगला झाला होता ओटा. खरंच चांगला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तळवा फिरवला, मान हलवली आणि गाडी घेऊन गेल्या. दादाने मला कायम ठेवलं. शब्दाचा पक्का माणूस. नवऱ्याची कंपनी पुढे उघडलीच नाही, त्यामुळे कित्येक वर्षं आमचं घर त्या शेडवर चाललं. त्या ओट्यांचं नाव झालं, मागणी वाढली. मुलं शिकली ती त्या भुकटीवर.

पुढची गाडी फिरत्या कँटीनची. पूजेच्या दिवशी दादाने सगळ्यांना बजावलं, आत ओट्याला कुणीही हात लावायचा नाही, मग तो कुणी का असेना. बरोबरच होतं. दुसरा शहाणपणा कुठला? वेल्डरने नेहमीप्रमाणे दारावर बोटं उठवली, पेंटरने पत्र्यावर. आईने बोनेटवर उठवली, वाटी पेंटरच्या हातात दिली आणि गुडघे धरत खुर्चीकडे गेली. थकली होती ती. मी बादली घेऊन मागे उभी होते.

बोनेटवर जागा होती. दारावर होती, पत्र्यावर होती. वाटी सगळीकडे फिरली आणि पुन्हा खिडकीत ठेवली गेली. त्यानंतरच्या गाडीलाही तसंच, आणि त्यानंतरच्याही. मी हात लावणारच नव्हते. आमच्यात नसतं, हे वाक्य मी मनात तयार ठेवलं होतं, दर पूजेला. पण नाही म्हणायचं झालं तरी आधी कुणीतरी विचारावं लागतं.