न बोलता घ्यायचा काढा

"गाठ साधी नाही. कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या क्षणी मला काय सुचावं? घरी भिजत घातलेली उडदाची डाळ. आता ती वाटणार कोण, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

माझ्या हातात बायोप्सीचा कागद होता. बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. स्तनातली गाठ शस्त्रक्रियेने काढली. पुढे केमोथेरपी, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, तीन आठवड्यांनी एकदा, असं सहा वेळा.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलुखात राहिलेली मराठी माणसं; माझं करायला पापनाशमहून अक्का आली. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वय बहात्तर, आणि कुणाचं ऐकून घेईल तर शपथ. आल्या दिवशीच तिने स्वैपाकघर ताब्यात घेतलं आणि मला पलंगावर पाठवलं.

त्याच आठवड्यात चेन्नईहून माझ्या लेकीने फोनवर एक लेख वाचून दाखवला. जांभळासारख्या गडद फळांत अँथोसायनिन असतं, म्हणजे फळाला रंग देणारं द्रव्य, आणि त्याने कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणे. फोनचा स्पीकर चालू होता. अक्का भाजी निवडत सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी एक वाटी यायला लागली. जांभळं आणि परसातली मणत्तक्काळी, ती मण्यांएवढी काळी फळं, दोन्ही आटवून दाट केलेला काढा. अक्का वाटी ठेवायची आणि पाठ फिरवून निघून जायची. आमच्या घरची रीतच तशी. घरचं औषध देणाऱ्याने त्याचं नाव घ्यायचं नाही, घेणाऱ्याने कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पोरांना प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची. आणि मीच ती वाटी मुकाट्याने रिकामी करत होते. खरं सांगते, मला मरायची भीती वाटत होती, आणि भ्यालेल्या माणसाला कुठलीही वाटी चालते.

डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, दुसरं काही घेता का? मी नाही म्हणायची.

तिसऱ्या केमोच्या आधी लिव्हर फंक्शन टेस्ट झाली. यकृत नीट काम करतंय की नाही ते सांगणारी ही रक्ततपासणी. आकडे भलतेच चढले होते. त्या दिवशी सुई लागलीच नाही. आमच्याच औषधाने यकृत दुखावलं असेल तर औषध बदलावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग दुसरं औषध द्यायचं, पण तुमच्या प्रकारच्या कॅन्सरवर याच्याइतकं चांगलं दुसरं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

आम्हाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. अक्का शेजारी डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी बोलले तर अक्काला बोल लागणार आणि गुण जाणार. नाही बोलले तर औषध जाणार.

आत बोलावल्यावर पुन्हा तोच प्रश्न आला. मी तोंड उघडायच्या आत अक्का तमिळमध्ये बोलायला लागली. दोन्ही फळांची नावं, किती, कधीपासून, कसं आटवते, सगळं सांगितलं. मग माझ्याकडे वळून आमच्या घरच्या मराठीत म्हणाली, "गुण गेला तर जाऊं दे. तूं राहा."

मला रडूच फुटलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण अक्काने माझ्यासाठी मोडलेली ही पहिली रीत.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आधी अक्काचे आभार मानले. मग समजावलं की लेखातलं खोटं नाही. काचेच्या बशीतल्या पेशींवर अशी द्रव्यं परिणाम करतात, त्यावर संशोधनही चालू आहे. पण माणसाचं पोट म्हणजे बशी नव्हे, आणि केमो चालू असताना असा दाट काढा यकृतावर भार टाकू शकतो. काढ्यानेच झालं असं त्या छातीठोकपणे म्हणाल्या नाहीत. काढा बंद करून दोन आठवडे वाट पाहू, म्हणाल्या.

ते दोन आठवडे कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. अक्का परसात जायची, पण मणत्तक्काळीकडे बघायची नाही. आकडे उतरले. तेच औषध पुन्हा सुरू झालं आणि सहाही खेपा पार पडल्या.

तुमच्यापैकी कुणावर ही पाळी आली, तर घरच्या मायेने दिलेलं जे काही घेत असाल ते डॉक्टरांसमोर ठेवा, वाटीसकट. मी ते वेळेवर केलं नाही. माझ्या वतीने अक्काने केलं, म्हणून आज हे लिहिते आहे.

यंदा जांभळं आली तेव्हा अक्का मुद्दाम पापनाशमहून घेऊन आली. माझ्यासमोर वाटी ठेवली. सवयीने पाठ फिरवली, दोन पावलं गेली, आणि परत आली.

"जांभळं," ती शेजारच्या घरी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "सात आहेत. मीठ लावलंय. डॉक्टरास विचारून आणलीं."

आणि मी सातवं संपवेपर्यंत समोर बसून राहिली.