कागद न होणारा लगदा

कागदाच्या गावात जन्मलेला माणूस कागदच करणार, यात शिगेकी मानाबेला कधी विशेष काही वाटलं नव्हतं. जपानमधल्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्यावरच्या गिरणीत त्याचे वडील तोराकिची लगदा कुटायला होते. पुढे शिगेकीनं तिथेच वर्तमानपत्राच्या कागदाचं यंत्र सांभाळलं. मग लोक बातम्या फोनवर वाचायला लागले, यंत्र बंद झालं आणि त्याला मागच्या शेडमध्ये पाठवलं.

तिथे लाकडाचा पातळ लगदा दोन दगडी चकत्यांमधून पुन्हापुन्हा दळायचा. तंतू चिरत चिरत इतके बारीक व्हायचे की लगद्याची खळीसारखी चिकट, अर्धवट पारदर्शक जेली व्हायची. नॅनोतंतू म्हणायचे त्यांना. शिगेकीचं मन रमेना. यंत्रातून सरसर येणारा कागद डोळ्यांना दिसायचा; इथे दिवसभर राबून हाती काय, तर बादलीभर खळ. नोकरी सोडावी असं त्याच्या मनात घोळायला लागलं.

घरी तोराकिची पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले. रोज विचारायचे, "यंत्र काय म्हणतंय?"

"मजेत आहे, बाबा."

बायको फुसाए हे ऐकून नुसती नवऱ्याकडे बघायची.

एकदा वडिलांना कुशीवर वळवताना त्यांचा धड हात शिगेकीच्या बाहीवर पडला. बाहीवर सांडलेली खळ वाळून काचेसारखी कडक झाली होती. म्हाताऱ्यानं ती नखानं खरवडली.

"हा पेपरचा लगदा नाही."

शिगेकीनं बाही मागे घेतली.

"सांगून टाका आता," फुसाए म्हणाली.

त्यानं सांगितलं. तोराकिचींनी नखाखालचा कण चिमटीत धरून पाहिला.

"लपवलंस कशाला? मला काय वाटायचं ते मी बघून घेतलं असतं," ते म्हणाले. "उद्या ती खळ घेऊन ये."

शेडची प्रमुख ओची, शिगेकीच्या मुलीच्या वयाची. तिला विचारून त्यानं बरणीभर खळ आणली. वडिलांनी बोटं बुडवून चोळून पाहिली.

"जास्त कुटलाय. आमच्या मुकादमानं कान उपटले असते. पाणीच सोडत नाही, कागद कसा होणार?"

"कागद करायचाच नाही, बाबा."

"मग जातो कुठे?"

शिगेकी बरणीचं झाकण लावू लागला. फुसाए सरळ म्हणाली, "मोठ्यांच्या डायपरमध्ये. वास शोषून घेतो म्हणे."

म्हातारा हसायला लागला तो खोकला येईपर्यंत. "म्हणजे मीच गिऱ्हाईक की रे तुझं. मग ऐक, कडा मांडीला काचतात. सांग तुझ्या साहेबांना."

शिगेकीनं ओशाळत सांगितलं. ओची हसली नाही. रविवारी संत्र्यांची पिशवी घेऊन घरी आली आणि तोराकिचींच्या उशाशी बसून एकेक विचारू लागली. तेही आडपडदा न ठेवता बोलले. काचण्याचं ठीक आहे, म्हणाले, पण बदलताना वास सुटतो, तेव्हा सुनेचं तोंड दिसू नये म्हणून मी डोळे मिटून घेतो. तिला वाटतं, मला झोप लागली.

दारात उभ्या शिगेकीला हे आजवर माहीत नव्हतं. तो अंगणात जाऊन उगाच सायकल पुसत बसला.

नोकरी सोडण्याचा विचार पुन्हा त्याच्या मनात आला नाही. सुधारलेल्या डायपरचे नमुने यायच्या आधीच तोराकिची गेले. क्रियाकर्म आटोपताच शिगेकी शेडवर आला.

"मानाबेसान, अजून थोडे दिवस घरी राहायचं होतं," ओची म्हणाली.

"बाकीचे म्हातारे आहेतच की," तो म्हणाला, आणि त्यानं चकत्या सुरू केल्या.