खंडेनवमीची झाडलोट

इस्लामपुरात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो स्टुडिओ आहे. आमच्याकडं पोरगा सैन्यात गेला की पहिल्या सुट्टीत वर्दी घालून आईशेजारी उभा राहतो आणि फोटो काढून घेतो. एक प्रत घरी जाते, पण जपायचा असतो तो स्टुडिओनं. का, ते कुणी तोंडानं बोलत नाही. वाईट बातमी आली की घरातलं माणूस आमच्या पायरीशी येतं.

पूर्वी फोटोचं सॉफ्टवेअर सीडीवरून घालायचो. फोटो त्याच कॉम्प्युटरात आणि त्यांच्या प्रती कपाटातल्या हार्ड डिस्कवर. टेबलावर काय घडलं याचा कपाटाला पत्ता नसे. मग डिस्क एकेक करून बंद पडायला लागल्या, तसं मीच सगळं क्लाउडवर चढवलं. साताऱ्यात माझी नोकरीच त्यातली. अण्णांना बजावलं होतं, फोटो आता दूर कुणाच्या तरी मशिनवर आहेत. इथून पुसलं की तिथूनही जाईल. त्यांनी मान हलवली. ऐकलेलं नसतं तेव्हाच ती हलते. गिऱ्हाइकांना मात्र ऐटीत सांगायचे, "आता तुमची पोरं ढगात हायती, काळजी सोडा." ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा.

खंडेनवमीला सकाळी मी साताऱ्यात लॅपटॉप उघडला, तर स्टुडिओचं एक फोल्डर डोळ्यांदेखत नाहीसं झालं. मग त्याच्या खालचं. आवाज नाही, धूर नाही. मी फोन लावत राहिले. अण्णांनी उचलला तोवर पडदा कोरा झाला होता.

"अण्णा, काय केलंत?"

"झाडलोट गं. कॅमेरे पुसलं, कॉम्प्युटर मोकळा केला. हत्यार स्वच्छ नको व्हय पूजेला?"

"आवं, फोटो गेले सगळे!"

"आसं कसं? हितलं काढलं मी. वर हाय की समदं."

"कचऱ्याच्या टोपलीत असतील. हात लावू नका."

"ती बी रिकामी केली. भरली टोपली ठिवून पूजा करत्यात व्हय?"

मी क्लाउडवाल्यांच्या विनवण्या केल्या. पुसलेलं परत येत नाही, असं त्यांनी फार गोड भाषेत कळवलं. त्या गोडव्याचा मला अजून संताप येतो.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी मी स्टुडिओत असताना एक बाई आली. डोळे कोरडे होते. अण्णांनी तिला ओळखलं आणि ते उठून उभे राहिले.

"पोराचा फोटू मोठा करून द्या," ती म्हणाली. "माझ्याशेजारचा. घरातला पुरात गेला. तुमच्याकडं हाय म्हनून बरं."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं.

"घाई न्हाई," ती म्हणाली. "ढगातनं काढायला येळ लागत आसंल. बसते मी."

ती पायरीवर बसली. अण्णांनी वाळलेला झेंडूचा हार बाजूला केला, कॉम्प्युटर सुरू केला आणि तिच्याकडं पाठ करून शोधायला लागले.