नाखवांचं ‘पुढे’

आमच्या कॉम्प्युटर खात्यात कुठलीही कमांड मशीनला देण्याआधी मोठ्याने वाचावी लागे. नुसते शब्द नाहीत, तर कॉमा, कंस, कोट म्हणजे अवतरणचिन्हं, सगळंच. ओळ संपली की कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज यायचा, “पुढे.” हा आवाज नाखवांचा. खाडीजवळच्या आमच्या औषधकंपनीत ते खातेप्रमुख होते, आणि कोलशेतचेच कोळी, म्हणून अख्खी कंपनी त्यांना नाखवा म्हणे. होडीत ते फारसे कधी बसलेही नसतील. आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची, तिने हट्टाने शिकवलं होतं.

नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीहून तिथे नोकरीला जाऊ लागले, तेव्हा मला हा निव्वळ छळ वाटायचा. एकदा चिडून म्हणाले, “सर, शाळेत पाढे म्हणतोय असं वाटतं.”

“मग म्हण की. आवाज बरा आहे तुझा,” ते म्हणाले.

खरं कारण कळलं ते त्यांनी माझ्यासमोर चहा कपाऐवजी टेबलावर ओतला त्या दिवशी. त्यांची नजर जात चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. काळ्या पडद्यावरची ठळक अक्षरं कशीबशी लागायची, कोट आणि कॉमा मुळीच नाहीत. टेबल पुसता पुसता म्हणाले, “कोणाला बोलू नकोस. मुलीचं कॉलेज व्हायचंय अजून.” मी बोलले नाही. त्या दिवसापासून मात्र वाचताना एक कॉमा सोडला नाही.

कोट कशाला लागतात, हे त्यांनी मला डबा खाताना शिकवलं. त्यांच्या डब्यात वासाचा सुका जवळा, त्यामुळे आमच्या शेजारी तिसरं कोणी बसत नसे. म्हणाले, “माझी आय बाजारात मासळीचे वाटे लावते ना, तसं. एका कागदात बांधलं तो एक वाटा. कोटाच्या आत जे जाईल ते मशीन एकच वस्तू धरतं. आत काय काय आहे ते उघडून बघत नाही.”

मग नवे मॅनेजर आले आणि त्यांच्यासोबत नवं टूल. पडद्यावरच्या खिडकीत माहिती भरायची, बटण दाबायचं, कमांड टूलच लिहिणार. खिडकीतली अक्षरं मुंगीएवढी. नाखवांना ती दिसणं शक्यच नव्हतं. “हे ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी दुसरीकडे बघू,” असं साहेबांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं.

शुक्रवारी कारखाना बंद असायचा. तसल्याच एका शुक्रवारी आम्ही जुन्या मशीनची सेटिंग्ज नव्यावर न्यायला बसलो. टूलने धडाधड कमांड लिहून दिल्या. साहेब म्हणाले, “चालवा.” नाखवा म्हणाले, “वाच.”

मी वाचत गेले, ते “पुढे” म्हणत गेले. मग ती ओळ आली. माहिती कुठल्या कप्प्यांत आणि कुठल्या क्रमाने शोधायची, ते सांगणारी. “कोट सुरू, उत्पादन, कॉमा, तपासणी, कॉमा, गोदाम, कोट बंद.”

“पुढे” आलंच नाही.

“मध्ये कुठे कोट बंद झाला नाही?”

“नाही, सर.”

“मग तिन्ही वाटे एका कागदात गेले. मशीन या लांबलचक नावाचा एकच कप्पा शोधत बसणार, आणि तो आपल्याकडे नाही.”

“अहो, टूलने लिहिलंय,” साहेब म्हणाले.

“टूलही कोणीतरी लिहिलंच असेल की.”

चाचणीच्या मशीनवर चालवून पाहिलं. तपासणीचा एकही अहवाल उघडेना. शनिवारी सकाळी कुठला माल पास आणि कुठला नापास, हे कोणाला कळलं नसतं. मी तिन्ही नावांना वेगवेगळे कोट घातले, आणि अहवाल उघडले.

साहेब मनापासून म्हणाले, “कमाल आहे. इतकी बारीक गोष्ट पाहिलीत कशी?”

मला वाटलं, सुटलो. आता यांना कोणी हलवत नाही. नाखवांनी नुसतं हसायचं होतं.

“पाहिली नाही, साहेब,” ते म्हणाले. “मला दिसत नाही. हिने वाचलं, मी ऐकलं.”

बसस्टॉपवर मी त्यांच्यावर अक्षरशः ओरडले. “कशाला बोललात? मुलीचा तरी विचार करायचा.”

“केला,” ते शांतपणे म्हणाले. “उद्या तू रजेवर गेलीस, तर वाचणार कोण? औषधाची कंपनी आहे बाई.”

साहेब वाईट वागले नाहीत. हिशेब नीट चुकता केला, हारतुरे झाले, आणि दिवाळीच्या आत नाखवा घरी बसले. मुलीचं कॉलेज शिकवण्या घेऊन तिनेच पुरं केलं. मला त्यांचा राग बरीच वर्षं होता. अजूनही थोडा आहे, आणि त्यांच्याइतकं मी दुसऱ्या कोणत्याही साहेबाला मानलं नाही.

आता टूलं पुष्कळ शहाणी झाली आहेत. तरी मी त्यांनी लिहिलेली प्रत्येक कमांड मोठ्याने वाचते. शेजारची पोरं हसतात. हसू देत. ओळ संपली की मी थांबते, कोपऱ्यातल्या खुर्चीकडे कान जातो, आणि मग माझं मलाच म्हणावं लागतं, पुढे.