भिंतीवरची चिंबोरी

"खाली बसून बघा," असं म्हणून बाई शेजारच्या जमिनीवर दोनदा हात आपटत. समोर साहेब असो, सरपंच असो की पोराला पहिल्यांदाच शाळेत घेऊन आलेला बाप, सगळ्यांना हे एकच. आवाजात विनंती वगैरे नसे. तुम्ही बसलात तर पुढचं बोलणं, नाही बसलात तर त्यांचा झाडू पुन्हा सुरू.

मलाही त्यांनी असंच बसवलं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. धसईपासून आत, डोंगराखालच्या दोन खोल्यांच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. तिसरी-चौथी माझ्याकडे आणि पहिली-दुसरी बाईंकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटाची किल्ली न्यायला मी मुरबाडहून गेलो, तर भर दुपारी बाई पदर खोचून वर्गात जमिनीवर बसलेल्या आणि रागाने भिंतीकडे बघत होत्या. नवऱ्याची वाशिंदला कंपनीत नोकरी, तिथे पंख्याखाली राहायचं सोडून ही बाई इथे काय करते, असं माझ्या मनात आलं. तोंडातून काही निघायच्या आत हात जमिनीवर आपटला गेला.

बसलो. बसल्यावर कळलं. आमची पोरं जमिनीवर बसत आणि तिथून फळा पार वर गेलेला. खिडकीचा उजेड पडून त्याचा अर्धा भाग नुसता चमकत होता. तक्ते आढ्याजवळ टांगलेले, त्यावरचं अक्षर लागत नव्हतं. नीट दिसत होती ती फक्त मास्तरच्या खुर्चीची खालची बाजू.

"वर्षभर पोरांना हे दाखवतो आपण, आणि वर म्हणतो, पोरं बघत नाहीत," बाई म्हणाल्या.

त्यांचा उन्हाळा असा जाई. जुन्या सेलांतला काळा मसाला आणि माक्याचा पाला वाटून त्या भिंतीचा खालचा पट्टा काळा करत. जमिनीपासून बसलेल्या पोराच्या डोक्यापर्यंत. मग त्या पट्ट्याचे खडूने भाग पाडायचे, प्रत्येक पोराचा एक. पहिलीतल्या पोराला नाव कुठे वाचता येतं, म्हणून प्रत्येक भागावर एक चित्र. हे चित्र मनाने काढायचं नाही. मे महिन्यात त्या वाडीवाडीवर फिरून जूनमध्ये येणाऱ्या पोरांना भेटत आणि कोणाचा जीव कशात आहे ते बघून ठेवत. कोणाला कोंबडा, कोणाला मोहाचं फूल, एकाला तर एसटीचं चाक. पहिल्या दिवशी पोर रडत दारात येई, भिंतीवर आपला कोंबडा दिसला की त्याच्या खाली जाऊन बसे. रडणं तिथे थांबे.

गावाशी त्यांचं भांडण कायमचं. लग्नसराईत मुलीकडचं वऱ्हाड शाळेत उतरवायची तिथली पद्धत. पाहुणे भिंतीला टेकून बसणार आणि डोक्याचं तेल त्या काळ्या पट्ट्याला लागणार. तेल लागलं की खडू उमटत नाही. एकदा नवरदेव बाईंचाच जुना विद्यार्थी निघाला. बाईंनी त्याला हळदीच्या अंगाने बोलावून घेतलं आणि भिंतीच्या कडेने सगळीकडे गोणपाटं लावायला लावली. रागावल्या की त्यांच्या तोंडी शहापूरकडची बोली येई. "तुझ्या सासऱ्याला सांग, भिंतीला डोकं टेकायचं नाय." नवरदेवाने खरंच जाऊन सांगितलं. सासरा पहिल्याच दिवशी नाराज झाला, ते लग्न मात्र टिकलं.

वर्गात त्यांना खुर्ची होती, पण त्या कधी तिच्यावर बसल्या नाहीत. दाराशी एक दुहेरी गोणपाट अंथरलेलं असे, ती त्यांची जागा. वारा, धूळ, चपलांचा ढीग, सगळं तिथेच. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मी शाळेत होते तेव्हा मला दाराशी बसवायचे. आमची वस्ती गावाबाहेरची. आता दाराशी मी बसते, म्हणजे पोराला बसवायला तिथं जागाच राहत नाय." एवढंच. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

त्या वर्षी पहिलीत वाडीवरची यमी आली. ओढ्यातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडण्यात पटाईत, म्हणून तिच्या जागेवर चिंबोरी. गावातल्या पोरांना ती घाबरायची, कोणाशी बोलायची नाही. पण चिंबोरीच्या खाली बसली की हात चालायचा. दिवाळी झाली आणि तिचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर निघाले. जायच्या दिवशी यमी दारात येऊन उभी राहिली.

"बाय, माजी जागा कोनाला देशील?"

"कोणाला नाय. तू येशील तेव्हा चिंबोरी तिथंच असेल," बाई म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात फर्मान आलं. जूनमध्ये कोणी मोठे साहेब दौऱ्यावर येणार आणि आमची शाळा बघणार. शाळा सुंदर दिसली पाहिजे. ठेकेदार ठरला, रंग ठरला. विचारलं मात्र आम्हाला कोणी नाही. विचारणार तरी कसं, आम्ही दोघं तेव्हा तालुक्याला प्रशिक्षणात होतो. प्रशिक्षणाचा विषय ऐका. वर्ग मुलांना आपला कसा वाटेल. आम्हाला ते शिकवलं जात होतं, जेवणाची पाकिटं वाटली जात होती, आणि तिकडे रंगारी बाईंच्या पट्ट्यावर चॉकलेटी ऑइल पेंट मारत होता.

परत आलो तर भिंत नुसती चकचकत होती. आढ्याजवळ लाल अक्षरांत सुविचार. बाईंनी खडू घेतला आणि खालच्या रंगावर ओढला. खडू घसरला. पुन्हा ओढला, पुन्हा घसरला. मला वाटलं आता या किंचाळतील. बाई जाऊन आपल्या गोणपाटावर बसल्या. मला मात्र राहवेना. मी त्या रंगाच्या रिकाम्या डब्याला लाथ मारली आणि तो व्हरांड्यात गडगडत गेला. आजही तो राग तेवढाच आहे. लिहिताना पुन्हा येतोय.

काम बघायला तालुक्याचे साहेब आले. दारात उभं राहूनच खूश झाले. आता कशी शाळेसारखी शाळा दिसते, म्हणाले.

"साहेब, खाली बसून बघा," बाई म्हणाल्या. जमिनीवर हात दोनदा आपटला.

साहेबांनी आपल्या पांढऱ्या पॅन्टकडे बघितलं. मग घड्याळाकडे. रंगाला कोणी हात लावायचा नाही, असं बजावून गेले.

ते गेल्यावर बाईंनी खुरपं घेतलं. सगळी भिंत खरवडणं शक्य नव्हतं, शाळा उघडायला आली होती. मी विचारलं, निदान कोणाची जागा मोकळी करायची? "यमीची," त्या म्हणाल्या. "बाकीची पोरं इथंच आहेत, त्यांना समजावता येईल. ती भट्टीवरनं येईल आणि चिंबोरी दिसली नाय, तर दारातूनच मागं फिरेल. मग परत यायची नाय." आम्ही दोघांनी आळीपाळीने तो रंग खरवडला. बाईंच्या बोटांची सालं निघाली. खाली पुन्हा काळा लावला आणि वर चिंबोरी काढली, नांग्या उगारलेली.

ठेकेदाराने तक्रार केली. सरकारी भिंतीची नासधूस केली म्हणून बाईंची बदली झाली, शहापूर तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. एरवी बदलीचा कागद महिनोन्महिने टेबलावर पडून राहतो. हा मात्र दौऱ्याच्या आधी हातात पडला. कारण उघड होतं. ही बाई मोठ्या साहेबांनाही खाली बसवेल, याची सगळ्यांना धास्ती होती. जाताना बाईंनी वर्ग झाडून काढला, किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "ती आली की कळवा."

बाई गेल्या त्याच आठवड्यात यमी आली. भट्टीच्या धुळीने केस तांबडे झालेले. दारात थांबली, ती चकचकीत भिंत बघून एक पाऊल मागे सरली. मग चिंबोरी दिसली. जाऊन तिच्याखाली बसली, हाताने काळा चाचपून बघितला. बाईंची बदली झाली हे माझ्याकडून ऐकल्यावर दाराकडे बोट दाखवून तिने विचारलं, "तिकडं आता कोन बसल?"

कोणी नाही, म्हणालो. नवीन बाई येतील असं पुढे वर्षभर ऐकत राहिलो, पण कोणीच पाठवलं नाही. दोन्ही वर्ग माझ्याच गळ्यात. गोणपाट मी उचललं नाही, आणि पोरं त्याच्यावर पाय न देता उडी मारून आत येत.

त्याच महिन्यात मोठे साहेब आले तेव्हा पाऊस होता, अंगणात चिखल. ते दाराशी थांबले, त्या गोणपाटावर दोन्ही बूट घासून घासून पुसले आणि मान वर करून सुविचार वाचू लागले. बरोबरच्यांनीही माना वर केल्या. मी बाईंसारखा जमिनीवर हात आपटला, दोनदा, चांगला जोरात. एकानेही खाली बघितलं नाही. छान, म्हणाले, आणि गाड्या निघून गेल्या.

यमी उठली. तिने ते गोणपाट पावसात नेऊन चोळून चोळून धुतलं, पिळलं, आणि परत आणून दाराशी अंथरलं. यमी आल्याचं बाईंना कळवायचं राहून गेलं होतं, ते पत्र मग मी तिथेच, जमिनीवर बसून लिहिलं.