मुनग्याचा अर्क

मुनगा, म्हणजे शेवगा. रायपुरात त्याची भाजी घरोघरी होते; मी मात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याच्या पानांचा अर्क काढते. काचेच्या बशीत वाढवलेल्या मज्जापेशींवर पेरॉक्साइड टाकलं की त्या मरतात. आधी अर्क दिला तर बऱ्याच तगतात. एवढंच. माणसाच्या मेंदूत काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि दिवाळीला मोबाइलवर अर्क दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन्ही बश्यांचा फोटो दाखवताना हे मी दादाला बजावून सांगितलंही होतं. त्यानं फोटो मागून घेतला. मला वाटलं, बहिणीचं कौतुक. कौतुक कसलं डोंबलाचं!

बाबांना कंपवात आहे. डॉक्टरांच्या गोळ्यांवर हात बरे स्थिर असायचे. थंडीत एकाएकी बिघडलं. शर्टाची बटणं लागेनात, उंबऱ्याशी पाय खिळायचे. मी डॉक्टरांवरच डाफरले. मग बाबांच्या उशाशी बाटली दिसली. लेबलवर माझ्या त्या दोन बश्या, खाली ‘नसों का कवच’. आमच्या घरी नवीन काहीही आलं की पहिलं बाबांचं, मग ते आंबे असोत की पगाराचे पेढे. बूढापारा भागातल्या आपल्या दुकानात विकायला दादानं बनवलेली मुनग्याच्या अर्काची पहिली बाटलीही रीतसर बाबांकडे आली, पोरीची दवा म्हणून. बाबांनी गोळ्या बंद केल्या. घरची दवा असताना परक्याची कशाला?

मी तडक दुकान गाठलं.

"तुले सांगतलं होतं ना, हे बशीतलं आहे म्हणून?"

"हव. पण गिऱ्हाइकाले बशी कुठं समजते?"

"अन् बाबाले?"

त्यानं समोरच्या बाटल्या आत सरकवल्या. मग म्हणाला, "मीच सांगतो त्यायले खरं काय ते. तू बोलू नको, धक्का बसन." पाठचा नाही, चांगला मोठा भाऊ, मी पुन्हा विश्वास ठेवला.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा दादा बाबांना डॉक्टरांची गोळी देत होता. बाबांनी मला जवळ बसवून घेतलं आणि थरथरता हात माझ्या हातावर ठेवला.

"दादानं सांगतलं मले. दवाई बनवताना तुह्या हातून काही चूक होऊन गेली म्हणे. मनाले लावून नको घेऊ, पोट्टे. पुढच्या बारीनं नीट बनवजो."

मी दादाकडे पाहिलं. त्यानं बाबांच्या ओठाशी पाण्याचा पेला धरला आणि म्हणाला, "हव बाबा, बनवन ती."