पदराची खूण

बातमी आली तेव्हा मी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये थर्मासात चहा भरून घेत होते. ऑपरेशननंतर विजयाताईंना काही दिवस बोलायची बंदी असणार होती. म्हणून चहा हवा तर कपाळाला बोट, पाणी हवं तर ओठांना, असं आम्ही आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. त्यांचा मुलगा सुधीर जिना उतरून आला. "काकी, चहा राहू दे आता," एवढंच म्हणाला. मी तरीही झाकण घट्ट लावत राहिले. ते काही केल्या आट्यांत बसेना.

विजयाताई पावसला आमच्या शेजारी राहायच्या. आमच्या दोन्ही घरांची आंब्याची कलमं एकाच दगडी गडग्याच्या दोन बाजूंना. लहानपणी आरतीत त्यांचा आवाज सगळ्या गावाच्या वर निघायचा, म्हणून वडिलांनी गाणं शिकवलं. विशीच्या आत त्या मुंबईच्या एका नाटक कंपनीत नायिका झाल्या, गावोगाव फिरल्या, तिथल्याच तबलजीशी लग्न केलं. कंपनी बंद पडली तशी दोघं गावी परतली. पुढे शाळेत गाणं शिकवणं आणि देवळांच्या उत्सवातली संगीत नाटकं, हेच त्यांचं आयुष्य. तबला घरचाच होता, पण ऑर्गनला माणूस मिळेना, तेव्हा त्यांनी मला धरलं. माझा धंदा आंब्याच्या पेट्यांचा. वाजवणं वडिलांनी शिकवलेलं. पहिल्याच तालमीत म्हणाल्या, "तुला सूर आहे, भाव नाही. भाव मी बघत्ये. तू फक्त पळू नकोस." घाबरले की माझी लय वाढते, हे त्यांनी तेवढ्यात हेरलं होतं.

आणि घाबरण्याचे दिवस आलेच. साठी ओलांडल्यावर वरच्या सुरात जाताना त्यांचा आवाज अचानक नाहीसा व्हायला लागला. फाटायचा नाही, चिरकायचा नाही... वीज जावी तसा जायचा. आमच्याकडे उत्सवाचं नाटक देवापुढे होतं, म्हणून "वन्स मोअर" नाकारायची पद्धत नाही; ते मागणं देवाचंच धरतात. मांडवातून ती आरोळी उठली की इतर गायक फुलतात, आम्ही दोघी मात्र एकमेकींकडे बघायचो. शेवटी आम्ही खूण ठरवली. ताईंनी पदर खांद्यावर ओढला की पुढची ओळ मी ऑर्गनवर उचलायची, त्यांनी डोळे मिटून उभं राहायचं. लोकांना वाटे, बाई काय तल्लीन झाल्यात! त्या मिटल्या डोळ्यांमागे काय चाललेलं असे ते मला माहीत होतं. तबल्यावर बसलेल्या नवऱ्यालाही त्यांनी ते कधी कळू दिलं नाही.

एका वर्षी आवाज उत्तम लागलेला असताना त्यांनी पदर ओढला आणि मी ओळ उचलली. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं कडवं विसरले. विंगेत आल्या आल्या म्हणाल्या, "मेल्ये, खरंच घसरला होता गो! लाज राखू की सूर?" त्यानंतर प्रत्येक नाटकाआधी त्यांच्या पदराला मी स्वतः पिन लावायची, आपोआप घसरायला नको म्हणून.

मग गळ्यात गाठ निघाली. श्वासनलिका दाबली जात होती. ऑपरेशन लगेच करायला हवं, पण आवाजाची नस तिथेच आहे, हमी देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. "उत्सव होऊ दे," ताई म्हणाल्या. मी भांडले. "जीव आधी, मग नाटक."

"तुला काय जातंय बोलायला? आवाज गेला तर गडग्यावरून हाक कशी मारू तुला?"

उत्सवात त्या पद एकदाच गायल्या. वन्स मोअर आला आणि पहिल्याच ओळीला पदर ओढला गेला. सगळं पद मी एकटीने वाजवलं. त्या डोळे मिटून उभ्या... आता कोसळतात की मग, याशिवाय माझ्या डोक्यात काही नव्हतं. टाळ्या थांबेनात. विंगेत येऊन खुर्चीत बसल्या, म्हणाल्या, "सुधीरला सांग, आता तारीख घे."

ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉली दाराशी थांबली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अंगावरच्या चादरीचं टोक खांद्यावर ओढलं. मला कळलं, पण ऑर्गन कुठून आणू? मला आरतीतसुद्धा कोणी मोठ्याने म्हणू देत नाही. तरी तिथे, वॉर्डबॉयच्या देखत, मी त्या पदाची पहिली ओळ गायले. गायले म्हणजे कशीबशी म्हटली.

"पळत्येस," ताई म्हणाल्या. मग दार बंद झालं.

ऑपरेशन चालू असतानाच त्यांचं हृदय थांबलं.

राजापूरकडच्या एका गावाचं उत्सवाचं निमंत्रण ताईंनीच घेऊन ठेवलं होतं. त्यांची विद्यार्थिनी मीनल गाणार आहे. परवा ती तालमीला आली. ऑर्गनवरच्या कापडाला ताईंची पिन तशीच टोचलेली होती, ती काढून मी मीनलच्या पदराला लावली आणि तिला खूण सांगितली.

"मला कशाला लागेल काकी?" ती हसली.

"नाही लागली तर उत्तम," मी म्हटलं आणि पेडलवर पाय ठेवले. तिचा आवाज स्वच्छ लागला. मी मात्र सगळा वेळ तिच्या हाताकडे बघत होते, आणि लय वाढली.